घरातल्या दहा वस्तू

आमच्या शाळेत दुसरी आणि तिसरीच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडचा आडोसा आहे. पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडची मुलं हसतात. अलीकडे मी, दुसरीची बाई. पलीकडे तिसरीच्या बाई, ज्यांना अख्खी शाळा पट्टीबाई म्हणायची. अठरा वर्षं आम्ही एकमेकींचा आवाज ऐकत शिकवलं. माझ्याकडून तिकडे कविता जायच्या, तिकडून माझ्याकडे फटके यायचे.

फटका ज्याला बसेल त्यानं तो स्वतः मोजायचा, हा त्यांचा नियम. फट्. "एक." फट्. "दोन." मोजताना आवाज कापला तर तो फटका हिशेबात धरायचा नाही, पुन्हा मारायचा. माझी मुलं दुसरीतच पाचपर्यंत न रडता मोजायची सवय करायची, कारण पुढच्या वर्षी पलीकडे जायचंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. मधल्या सुट्टीत मुलं 'पट्टीबाई-पट्टीबाई' खेळायची. एकानं काठी घ्यायची, बाकीच्यांनी हात पुढे करायचे. त्या खेळात एका पोराचा पुढचा दात पडला आणि एका पोरीची भुवई फाटली. खेळ काही थांबला नाही.

त्या मारायला लागल्या की मी माझ्या वर्गाला कविता म्हणायला लावायची, जरा मोठ्यानं. रोज सकाळी प्रार्थनेला हात जोडून डोळे मिटायची आणि वर्गात गेल्यावर कान मिटायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाला नावं ठेवतेय असं वाटायला नको.

बाई दुष्ट नव्हत्या. मुलांची नखं स्वतः कापायच्या, डोक्यातल्या उवा काढायच्या, डबा न आणलेल्या मुलाला स्वतःच्या डब्यातलं अर्धं द्यायच्या. सकाळी ज्या हातावर मारलं त्याच हाताला मधल्या सुट्टीत तेल चोळून द्यायच्या. त्यांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. वडीलही मास्तर. सातच्या पाढ्यात अडखळली म्हणून त्यांनी लेकीचं बोट दाराच्या फटीत धरून दार लोटलं होतं. ही गोष्ट बाई हसत सांगायच्या. "पण सातचा पाढा आजही झोपेतून उठवून विचारा!" लग्न केलं नाही. "घरी एक आणि वर्गात बासष्ट? झेपायचं नाही बाई मला," म्हणायच्या.

आणि पालक? पालक त्यांच्या वर्गासाठी रांगा लावायचे. माझ्या दुसरीतल्या मुलांच्या आया मोठ्या सरांकडे जाऊन रडायच्या, की आमच्या पोराला आत्तापासूनच पट्टीबाईंच्या हाताखाली द्या.

त्या वर्षीच्या पहिल्या सत्राची ही गोष्ट.

सत्र नेहमीसारखंच सुरू झालं. पहिले पंधरा दिवस उजळणी. मग तीन अंकी वजाबाकी, मग पुठ्ठ्याचं घड्याळ. ओल्या कापसात बिया ठेवून खिडकीत त्यांची रांग, कोंब कोणाचा आधी येतो यावरून मारामाऱ्या. एकानं दुसऱ्याचा कोंब खुडला म्हणून दुसऱ्यानं त्याच्या दंडाचा चावा घेतला, रक्त निघेपर्यंत. दोघांनाही बाईंनी चार-चार दिल्या. चौथ्या आठवड्यात लांबी मोजणं आलं.

बाईंच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे मुंगी म्हणायचे. अंगानं एवढीशी, पण सतत काहीतरी उचलून नेणारी. कोणाची पिशवी, कोणाचा डबा, पाण्याची बादली. बोलायची कमी. काम मात्र असं करायची की पाहत राहावं. चौकटीच्या कागदाच्या पट्ट्या कापून, चिकटवून, आकडे घालून प्रत्येकानं स्वतःची तीस सेंटिमीटरची पट्टी करायची होती. बाकीच्यांच्या पट्ट्या डिंकानं पिळवटलेल्या आतड्यांसारख्या झाल्या. मुंगीची सरळ होती. तिचे वडील सुतार, हात घरातूनच आलेला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरीपट टेबलावर ठेवला आणि मुलांना एकेक करून मोजायला बोलावलं. आधी स्वतः मोजला, आपल्या पट्टीनं. ती अर्ध्या मीटरची लाकडी पट्टी, त्यांच्या नोकरीइतकीच जुनी. "पस्तीस सेंटिमीटर," त्या म्हणाल्या. "आता बघू कोणाचं बरोबर येतं."

पोरं शहाणी. कोणाची पट्टी कुठेही पोचो, सगळी पस्तीस म्हणाली. मग मुंगी आली. पट्टी लावली, खूण केली, पुन्हा लावली.

"तेहतीस."

"नीट बघ."

तिनं नीट बघितलं. "तेहतीस, बाई."

"एकक?"

"तेहतीस सेंटिमीटर."

"दोन सेंटिमीटर चुकलीस. दोन पट्ट्या. हात."

आडोशाच्या अलीकडे मी कविता सुरू केली. पहिला फटका ऐकू आला, तिचा "एक" नाही आला. तिनं हात थोडा मागे घेतला होता, त्यामुळे पट्टी तळहातावर न पडता मनगटावर बसली. मोजलं नाही म्हणून तो धरला नाही. मग दोन नीट बसले आणि तिनं ते नीट मोजले.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक जाड पोरगी, मुंगीची चाळीतली शेजारीण, जिला आम्ही वटवट म्हणायचो, ती ओरडली, "बाई, तुमच्या पट्टीला शून्यच नाहीये!"

मी कविता थांबवली.

बाईंनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली असणार. खरंच शून्य नव्हतं, एकचा आकडाही नव्हता. मारून मारून ते टोक झिजलं होतं, सोललं होतं, तुटलं होतं. पट्टी दोनपासून सुरू होत होती. कितीतरी वर्षं त्या पट्टीनं प्रत्येक वस्तू दोन सेंटिमीटर जास्त भरत होती आणि मुलं मान डोलावत होती.

"बसा खाली," एवढंच बाई म्हणाल्या. त्या दिवशी पुन्हा फटका ऐकू आला नाही. पण मुंगीचं बरोबर होतं, हेही कोणी म्हणालं नाही.

दुसऱ्या सकाळी सुतार स्वतः शाळेत आला. गृहस्थ मोठा अदबीचा. आमच्या शाळेची सगळी दारं-खिडक्या त्याच्याच हातची. बाईंपुढे वाकून त्यानं एक नवी पट्टी धरली, काळ्या, जड लाकडाची, कडा गोल केलेल्या, आकडे कोरून आत पांढरा रंग भरलेला.

"पोरगी म्हणाली बाईंची पट्टी झिजली. म्हटलं, बाईंचं काम अडायला नको."

"अहो, कशाला उगाच!" बाई खूश झाल्या होत्या.

"असू द्या. फक्त हात आखडू नका बाई. हाडं तेवढी शाबूत ठेवा, बाकी पोरगी तुमची." असं म्हणून तो हसला, आम्हीही हसलो. मी हसले, मला चांगलं आठवतंय.

त्याच दिवशी बाईंनी गृहपाठ दिला. 'घरातल्या दहा वस्तू मोजा. वस्तूचं नाव, लांबी, एकक.'

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगायला हवी. बासष्ट वह्या मधल्या सुट्टीत तपासायच्या म्हणजे कोणी प्रत्येक ओळ वाचत नाही. वाचूच शकत नाही. आपण कशासाठी तपासतोय तेवढंच डोळ्यांना दिसतं. बाई तपासत होत्या ते एकक. 'सेंमी' लिहिलंय की नाही. ज्यानं नुसता आकडा लिहिला त्याला फुली. डोळे पानाच्या उजव्या कडेनं सरसर खाली जायचे, लाल पेन बरोबरच्या खुणा करत जायचं, खाली गुण, आणि त्याखाली रबरी शिक्का: 'पालकांची सही'. वही घरी जाणार, सही होऊन परत येणार. ही आमची पद्धत, वर्षानुवर्षांची.

मुंगीच्या वहीला दहापैकी दहा मिळाले. शेजारी 'छान!' लिहिलं. शिक्का मारला. वही घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मुंगी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी वटवट तिची वही घेऊन आली.

"बाई, तिच्या बाबांनी दिलीये. म्हणाले, सही केलीये, बाईंना नीट बघायला सांग."

"आणि ती कुठाय?"

"ती जिन्यावरून पडली."

"तुमच्या चाळीत जिना कुठाय गं?" शिपाईमावशी घंटेपाशी उभी होती, ती म्हणाली. वटवटनं तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. त्या दिवसापासून ती पोरगी कमी बोलायला लागली.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघी शिक्षकांच्या खोलीत होतो. बाईंनी सही बघायला पान उघडलं. मग त्या वाचायला लागल्या. डावीकडून, पहिल्यांदाच. त्यांचा घास तोंडात तसाच राहिला. वही माझ्याकडे सरकवली.

१. खिडकी – ६१ सेंमी. २. स्टूल – ४० सेंमी. ३. चमचा – १७ सेंमी. ४. आरसा – २२ सेंमी. ५. उशी – ४४ सेंमी. ६. करवत – ५५ सेंमी. ७. बाबांचा पट्टा – १०४ सेंमी. ८. आईच्या पाठीवरचा वळ – २३ सेंमी. ९. माझ्या मनगटावरचा वळ (बाईंच्या पट्टीचा) – ६ सेंमी. १०. दार – १८३ सेंमी.

प्रत्येकापुढे बरोबरची लाल खूण. खाली 'छान!'

पण माझी नजर अडकली ती वेगळ्याच गोष्टीवर. आठव्या ओळीतला '२३' कोणीतरी खोडला होता. सुतारांची ती चपटी, जाड पेन्सिल असते, तिनं. सरळ रेघ मारून, शेजारी स्वच्छ अक्षरात '३१' लिहिलं होतं. आणि शिक्क्याखाली त्याच पेन्सिलीनं सही.

"माप दुरुस्त केलंय," बाई म्हणाल्या. आवाज असा की जणू दुसऱ्याच कोणाचा. "आधी तिच्या पाठीवर दुरुस्त केलं असेल, मग इथे लिहिलं असेल."

"पोरीनं असलं लिहिलंच कशाला?" मी म्हणाले. माणूस घाबरला की असं मूर्खासारखं बोलतो.

"दहा सांगितल्या होत्या ना मी. दहा भरायला हव्यात, नाहीतर फुली." त्यांनी वही मिटली, पुन्हा उघडली. "मी बरोबरची खूण केली गं. मीच पाठवली वही त्याच्या हातात. पोरीनं मला सांगितलं, आणि मी 'छान' लिहून त्याला नेऊन दिलं."

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी सुताराच्या घरी गेलो. मनात देवाचं नाव घेत चालले होते. ऊन होतं, रस्त्यावर माणसं होती, सगळं रोजच्यासारखं होतं.

पुढे दुकान, मागे राहायची एक खोली. भुशाचा वास, आणि शेगडीवर पातेल्यात लाकूड चिकटवायचा सरस उकळत होता. सुतार रंधा मारत होता. आम्हाला पाहून लगेच उठला, फडक्यानं दोन स्टुलं पुसली.

"या, या. आज बाईंचे पाय लागले. अगं, चहा टाक!"

आतून कोणी ओ दिली नाही.

"चार दिवस गैरहजर आहे मुलगी," बाई म्हणाल्या. "बघायला आलो."

"पडली हो. पोरं ती. हात मोडला." त्यानं हाक मारली. मुंगी दारात आली. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत दोन पट्ट्यांमध्ये बांधलेला. मी जवळून पाहिलं. इतक्या सुंदर रंधलेल्या पट्ट्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. कडा गोल केल्या होत्या, पोरीला टोचू नये म्हणून. बोटं सुजून जांभळी झाली होती.

"डॉक्टरकडे नेलं नाहीत?"

"त्यात काय डॉक्टर? हाड म्हणजे लाकूडच की. मी स्वतः बांधलंय." मग तो बाईंकडे वळला, हसतच. "वही मिळाली ना? मापं बघितलीत? एक चुकलं होतं, ते मी नीट केलं. नववं तुमचं होतं, त्याला मी हात लावला नाही. ज्याचं माप त्यानं बघावं."

बाईंनी पिशवीतून ती काळी पट्टी काढून रंध्याच्या बाकावर ठेवली. "ही परत घ्या. आणि मुलीला दवाखान्यात नेतो आम्ही." त्यांनी मुंगीचा चांगला हात धरला.

"हात सोडा बाई."

"नेऊन परत आणते."

तेवढ्यात आतल्या दारात मुंगीची आई आली. चौकटीला धरून उभी होती. चेहऱ्याची एक बाजू काळीनिळी, ओठ फाटलेला, वरचे दोन दात नव्हते. श्वास घेताना बरगडी धरत होती. ती म्हणाली, "घेऊन जा तिला. परत आणू नका."

तो वळला तो असा, की मला दिसलंच नाही. बाकावरची फळी उचलली आणि तिच्या खांद्यावर घातली. लाकूड हाडावर बसल्याचा आवाज तो, अठरा वर्षं मी आडोशापलीकडून जे ऐकत होते त्याच्याच जातकुळीचा, नुसता मोठा. ती चौकटीवरून घसरत खाली बसली. ओरडलीसुद्धा नाही. सवय असणार.

मग त्यानं फळी टाकली आणि ती काळी पट्टी उचलली.

"सोडा म्हटलं ना हात?" आणि बाईंच्या हातावर, ज्या हातात मुंगीचा हात होता त्याच्यावर, पट्टी घातली. बाई कळवळल्या, पण पकड सोडली नाही.

"मोजा की," तो म्हणाला. अजून तीच अदब. "तुमच्याकडे मोजतात म्हणे. नाही मोजलं तर धरत नाहीत."

दुसरा फटका. तिसरा. कातडी फाटून रक्त आलं. आणि मग जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुंगी मोजायला लागली. वर्गातल्या आवाजात, ताठ उभी राहून, न कापता. "चार." फट्. "पाच." बोट मोडल्याचा बारीक आवाज आला. "सहा." तिला वाटत होतं मोजलं नाही तर बाईंना पुन्हा बसेल. ती बाईंना वाचवत होती, तिला जेवढं शिकवलं होतं तेवढ्यात.

मी शेगडीवरचं पातेलं उचललं. हात भाजले ते नंतर कळलं. उकळता सरस त्याच्या पायांवर ओतला. तो गुरासारखा ओरडला आणि भुशात पडला. पडल्यावरही पट्टी हातात होती, बसल्या जागेवरून त्यानं माझ्या नडगीवर ती हाणली. आज चालताना पाय जरा ओढतो तो त्यामुळे. मी बोंब ठोकली. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्या दिवशी रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. चाळीतली माणसं आली. रोज ऐकून न ऐकल्यासारखी करणारी तीच माणसं, पण आली.

त्या संध्याकाळी दवाखान्यात आम्ही चौघी एका रांगेत होतो. मुंगीच्या आईच्या तीन बरगड्या, मुंगीचा हात, बाईंची तीन बोटं, माझा पाय. बाईंची वाकडी करंगळी मात्र शाबूत होती. "तिचा कोटा आधीच भरलाय," त्या म्हणाल्या, आणि मुंगीची आई तोंडाला कापड लावून हसली आणि हसता हसता बरगडी धरून रडली.

पण चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. सुतारानं पोलिसांना सांगितलं, मुलीचा हात बाईंनी मोडला. "साऱ्या गावाला विचारा, त्या पोरांना मारतात की नाही. मी जाब विचारला म्हणून घरात घुसून मला भाजलं." चाळीतल्या कोणी तोंड उघडेना. मुंगीच्या आईचा भाऊ येऊन तिला समजावून गेला, की घरचं घरात राहू दे. आणि वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारलं असतं, बाई मारतात का, तर त्यानं हात पुढे करून दाखवला असता. सुताराला सोडलं तर त्या दोघी त्याच्याच घरात परत जाणार होत्या. दुसरं घर नव्हतं.

पुरावा एकच होता. ते पान. त्यावर त्याचा '३१' होता आणि त्याची सही होती.

मोठ्या सरांनी आम्हाला बोलावलं. दार लावून घेतलं.

"वही द्यायलाच हवी," ते म्हणाले. "पण नववी ओळ... तुमची नोकरी जाईल. शाळेचं नाव जाईल. मुलांना मारणं हा गुन्हा आहे, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

"अठरा वर्षं नाही सांगितलंत," बाई म्हणाल्या.

"आठव्या ओळीखाली कापून देता येईल."

"सही खाली आहे. कापली तर सही जाते."

"मग तेवढ्यावर पांढरं लावा. शाई सांडली म्हणा. पोरांच्या वहीत काय, काहीही होतं."

"खाडाखोड केली तर त्याचा वकील म्हणेल, आठवीही यांनीच लिहिली." बाईंनी वही प्लॅस्टर घातलेल्या हातानं छातीशी धरली होती, मुलं धरतात तशी. "आणि सर, तिनं दहा मोजल्यात. मी दहाही बरोबर दिल्यात. आता एक चूक कशी म्हणू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी समजावीन म्हणून. मी देवाच्या तसबिरीकडे पाहिलं. खोटं नाही सांगत, माझ्या मनात आलं होतं की लावावं पांढरं. मग वाटलं, तो बघतोय म्हणून आपण रोज हात जोडतो, तर एवढं एक पान तरी त्याला पूर्ण बघू द्यावं. "वही आहे तशी द्या," मी म्हणाले.

चौकशीला मी सोबत होते. टेबलापलीकडे एक पोलीसबाई, चष्मा नाकावर, पान हळूहळू वाचणारी. डावीकडून उजवीकडे.

"सातवी वस्तू?"

"त्याचा पट्टा. तुमच्या लोकांनी घरातून आणलाय, मोजून बघा," बाई म्हणाल्या.

त्यांनी मोजायला लावला. एकशेचार. पोलीसबाईंनी भुवया उचलल्या आणि मुंगीच्या मापांवर त्यांचा विश्वास बसला, हे मला त्या क्षणी दिसलं.

"आठवी?"

"तिच्या आईची पाठ. तेवीस पोरीनं मोजलं, एकतीस त्यानं केलं. सही त्याची आहे."

"नववी?"

"माझी."

"म्हणजे तुम्ही मारलंत?"

"हो. आणि उत्तर बरोबर असताना मारलं. तेही लिहून घ्या."

मुंगीची आई बाकावर भिंतीला टेकून बसली होती, भावाचं ऐकून गप्प. हे ऐकलं आणि ती उठली. टेबलापाशी आली, पाठ फिरवली, आणि पाठीवरचं कापड वर करायला लागली. "मोजा," ती म्हणाली. "काय काय आहे ते सगळं मोजा."

सुतार आत गेला, बऱ्याच वर्षांसाठी. मुंगी आणि तिची आई शिपाईमावशीच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या. आईला शाळेतच झाडलोटीचं काम मिळालं. बाईंची नोकरी गेली. काही पालक हळहळले, "एवढ्या कडक बाई आता मिळायच्या नाहीत." त्यांना काय सांगणार?

सत्राच्या शेवटच्या दिवशी बाई वर्ग सोपवायला आल्या, माझ्याकडे. आडोसा तेव्हा काढून टाकला होता, दोन्ही वर्ग एकत्र, एकशेसात मुलं. खिडकीतल्या बियांची रोपं हातभर झाली होती, ज्यांची कोणी खुडली नव्हती त्यांची. बाई आत आल्या आणि सगळी तिसरी सवयीनं ताठ झाली. दोघातिघांचे हात बाईंना नुसतं पाहूनच पुढे आले. बाईंनी ते पाहिलं. त्या टेबलाच्या कडेवर बसल्या.

मग त्यांनी हजेरीपट उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. मोडलेली बोटं अजून नीट मिटत नव्हती.

"हा तेहतीस आहे," त्या म्हणाल्या. "मी पस्तीस सांगितलं होतं. माझं चुकलं होतं. मुंगीचं बरोबर होतं. तिला मी मारायला नको होतं, आणि तुम्हालाही."

मुंगी उठली. प्लॅस्टर निघालं होतं, पण ती आता डाव्या हातानं लिहायची. दप्तरातून तिनं कागदाची पट्टी काढली, घडीवर चुरगळलेली. पुढे आली, बाईंच्या हातातला हजेरीपट काढून टेबलावर ठेवला, आणि डाव्या हातानं सावकाश मोजला. बाईंवर तिचा विश्वास राहिला नव्हता, आणि तेच बरोबर होतं.

"तेहतीस," ती म्हणाली. मग बाईंच्या तोंडाकडे पाहत थोडी थांबली. बाईंनी काहीच विचारलं नाही.

"सेंटिमीटर," ती आपणहून म्हणाली, आणि जागेवर जाऊन बसली.